दहा अक्षरांचा कित्ता

रोज सकाळी साडेसहा वाजता पेंटर उठत आणि उठल्याबरोबर उशीशेजारची पेन्सिल उजव्या कानावर खोचत; चष्म्याचा नंबर त्यानंतर लागे. बायको हयात होती तेव्हा म्हणत असे, की देवाने या माणसाला दोन कान दिले, एक ऐकायला आणि एक पेन्सिल ठेवायला. त्यातला ऐकायचा कोणता, हे मात्र तिला तीस वर्षांत सापडलं नव्हतं. पेन्सिल खोचून ते पुढच्या खोलीत येत. पुढची खोली म्हणजेच दुकान. खिडकी उघडायची, रात्रभर टर्पेंटाइनमध्ये उभे असलेले कुंचले एकेक करून बाहेर काढायचे, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायचे आणि लहानापासून मोठ्यापर्यंत बाकावर ओळीने निजवायचे. एकूण चौदा. मग रंगाच्या डब्यांवर धरलेली साय काडीने टोचून पाहायची, आणि मग चहा.

चहाची गोष्ट मात्र अलीकडची होती. गेले आठ महिने पेंटर कप दोन्ही हातांनी धरत. कुणी विचारलंच तर हात गार पडतात म्हणून सांगत. भर उन्हाळ्यातही सांगत. चहा त्यांची मुलगी करी. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि पोस्टात नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्या हाती डबा देऊन बरोबर आठाला दुकानात हजर व्हायची. वडिलांचा कप ती हल्ली अर्धाच भरी. अर्धाच का, असं पेंटरांनी विचारलं नव्हतं, आणि दोन्ही हातांनी का, असं तिनेही विचारलं नव्हतं. न बोलता झालेला करार होता तो, आणि असे करार मोडायला फार जड जातात, कारण ते कुठे लिहिलेले आहेत हेच कुणाला ठाऊक नसतं.

मुलीला गल्लीत 'धाकटी पेंटर' म्हणत. बापलेकीच्या अक्षराला एक खूण होती. उभी रेघ खाली उतरली की तिच्या टोकाला डावीकडे बारीकसा झटका बसे, उंदराच्या शेपटीसारखा. औषधाचं दुकान, न्हाव्याचं दुकान, दातांचे डॉक्टर, वाचनालयातली 'शांतता राखा' ही पाटी. जिथे शेपूट दिसेल ती पाटी पेंटरांची. एका छापखान्याने या शेपटीची नक्कल करून पाहिली होती, पण त्यांच्या हातून उंदराऐवजी बैलाचं शेपूट निघालं आणि त्यांनी नाद सोडला.

या शेपटीचं खरं मूळ एकट्या पेंटरांना माहीत होतं. सव्वीस वर्षांपूर्वी ते पाटी रंगवताना घोडीवरून, म्हणजे दुपाखी शिडीवरून, पडले आणि उजव्या हाताचा अंगठा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. नेमका त्याच वेळी आठ वर्षांच्या पोरीने हट्ट धरला, मला तुमच्यासारखी अक्षरं शिकवा. प्लास्टरमधून डोकावणाऱ्या बोटांत खडू धरून पेंटरांनी तिला पाटीवर कित्ता घालून दिला. रेघ संपत आली की अंगठा ठणके, हात झटक्याने सुटे आणि शेपूट उमटे. पोरीने ते इमानेइतबारे गिरवलं. पुढे अंगठा बरा झाला, पेंटरांची रेघ सरळ झाली. पण पोरीच्या हातात शेपूट मुरलं ते मुरलंच. एकदा तिने लिहिलेली पाटी न्हाव्याने पाहिली आणि मलाही अशीच हवी म्हणून बसला. आता हे शेपूट नसून ठणका आहे, असं त्या खुललेल्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं? मग पेंटरांनी दुपारी दुकानाचं दार लोटून, रद्दीच्या कागदांवर, धडधाकट अंगठ्याने ते शेपूट शिकून घेतलं. लेकीचा कित्ता बापाने गिरवला तो असा. ही गोष्ट आपल्याबरोबरच जायची, हेही त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

मंगळवारी चर्चचे पाळक दुकानात आले. वयाने तरुण, धर्मशास्त्राची पदवी घेऊन वर्षापूर्वी रुजू झालेले. उपदेशाला उभे राहिले की तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या तोंडून "मूळ ग्रीकमध्ये" हे शब्द निघत, आणि मागच्या बाकावरच्या आज्या त्या इशाऱ्यावर पर्स उघडून पेपरमिंट काढत. मंडळी त्यांना आपसांत 'मूळग्रीक' म्हणत. हे त्यांच्या कानावर गेलेलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडतही होतं.

त्यांचं काम असं होतं: मुलांच्या रविवारच्या शाळेची खोली नव्याने गिलावा करून तयार झाली आहे, तिच्या समोरच्या भिंतीवर एक ग्रीक शब्द मोठ्या अक्षरांत लिहायचा आहे, येत्या रविवारच्या आत. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. पेंटरांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. पाळकांचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईतून चालत गेलेली. ग्रीक पेंटरांना ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या सोयीने दहा अक्षरांना दहा नावं देऊन टाकली आणि बोटाने मोजत म्हटली: गलोल, चौकट, चाक, खुंटी, झेंडा, घोडी, डोंगर, डोंगर, चाक, मोडकी खुर्ची.

"दुसऱ्या डोंगरावर हा ढग आहे," त्यांनी विचारलं, "तो अक्षराचाच का?"

"तो चहा आहे," पाळक म्हणाले.

शब्द होता हुपोग्राम्मोस. पाळकांनी तो उलगडून सांगितला, आणि एरवी हिशेब करत असल्याचं दाखवणारी धाकटीही मान वर करून ऐकू लागली. हुपो म्हणजे खाली, ग्राम्मा म्हणजे अक्षर. त्या काळी पोरांच्या लाकडी पाट्यांवर मेणाचा थर असे. मास्तर त्यावर अक्षरं कोरून देत आणि पोरं त्याच खाचांमधून लेखणी फिरवत शिकत. त्या कोरलेल्या अक्षरांना हा शब्द. चित्रकार रंग भरण्याआधी जी बाह्यरेषा काढतो, तिलाही हाच. सबंध नव्या करारात तो एकदाच येतो, ख्रिस्ताचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात: ख्रिस्ताने दुःख सोसून तुमच्यापुढे कित्ता ठेवला. लोक समजतात, आदर्श म्हणजे लांबून हात जोडण्याची वस्तू. पण पेत्राने निवडलेला शब्द लांबून पाहण्याचा नाहीच, तो हात फिरवण्याचा आहे. रविवारी प्रत्येक मुलाने बोटाने ती अक्षरं गिरवावीत, असा पाळकांचा बेत होता.

"म्हणजे आमच्या धंद्याचाच शब्द की," पेंटर म्हणाले. धाकटीने हळूच विचारलं, की या भिंतीचं काम मी केलं तर चालेल का. पेंटरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. भिंत मी लिहिणार, असं ते पाळकांना म्हणाले. मग पाळक गेल्यावर, जणू हवामान सांगावं तसं, लेकीला म्हणाले, "ही भिंत हातून नीट उतरली तर उतरली. नाही तर कुंचला ठेवायचा. मोडक्या हाताने लोकांच्या भिंती नासवणाऱ्यातला मी नाही."

तिने कपात अर्धा चहा ओतला.

शुक्रवारी सकाळी पेंटर चर्चमध्ये गेले. दार किल्लीवाल्या बाईंनी उघडलं. या बाई चर्चची झाडलोट करत आणि सगळ्या दारांच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडत, त्यामुळे त्या येत आहेत हे त्या दिसण्याआधी कळे. पेंटरांनी दोरीने दोन आडव्या रेघा मारून घेतल्या. तेवढं जमलं, कारण दोरी थरथरत नाही. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी गलोल काढायला घेतली.

गलोल भिंतीवर नागमोडी उतरली. त्यांनी ती खोडली. दुसरी काढली, ती वाऱ्यात हलत होती. तिसऱ्या वेळी त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तेव्हा दोन्ही हात मिळून थरथरले. दहा वाजेपर्यंत भिंतीवर गलोल नव्हती, रबराने घासून करडा झालेला एक डाग होता. किल्लीवाल्या बाई झाडू घेऊन मागे उभ्या होत्या. पेंटर त्यांना म्हणाले, की गवंड्याने भिंत सरळ केलेली नाही, पोट आलंय तिला.

"ओळंबा लावून केलीय, पेंटर. मी इथंच उभी होते," बाई म्हणाल्या. मग वळून, झाडूला सांगावं तसं पुटपुटल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं."

थोड्या वेळाने पाळक डोकावले. त्यांनी डाग पाहिला आणि त्याविषयी काही न बोलण्याइतकं शहाणपण दाखवलं. पेंटर बाकावर बसले होते. त्यांनी विचारलं, दुसऱ्याच कुणाबद्दल विचारावं तसं, की त्या काळच्या एखाद्या मास्तरचा हात बिघडला, तर त्याचा कित्ता कोण घालत असे?

पाळक विचारात पडले, कारण हे त्यांना पदवीच्या परीक्षेत आलेलं नव्हतं. मग म्हणाले, "ज्याने हा शब्द वापरला तो पेत्र स्वतः मासे धरणारा. लिहिण्या-वाचण्यात त्याची गती नव्हती, असं त्याच्याबद्दल लिहूनच ठेवलंय. आणि या पत्राच्या शेवटी तो सरळ सांगतो, की मी हे सिल्वान नावाच्या सोबत्याच्या हस्ते लिहिलं."

"आणि नाव कुणाचं राहिलं?"

"पेत्राचं. सिल्वानाचं पत्र असं कुणी म्हणत नाही." पाळक पेंटरांशेजारी बसले. "आणखी एक. हा कित्ता ख्रिस्ताने निवांत बसून घातलेला नाही हो, पेंटर. मार खात असताना घातलाय. तेव्हा त्याचं वळण काही पुस्तकातल्यासारखं गुळगुळीत असणार नाही."

पेंटरांचा उजवा अंगठा आपोआप मुठीत गेला. "सिल्वानाला वेगळं काही लिहावंसं वाटलं असेल का कधी?" एवढंच ते म्हणाले, आणि मूळ ग्रीकमध्ये याचं उत्तर नव्हतं.

दुपारी घरी आल्यावर त्यांनी लेकीला सांगितलं, भिंत अजून ओली आहे. ती हो का म्हणाली. उद्या वाळेल, ते म्हणाले. वाळेल ना, ती म्हणाली. मग तिने पाळकांचा कागद जरा बघायला मागितला आणि पेंटरांनी तो तिच्या हाती दिला, कारण त्या क्षणी त्यांना तो डोळ्यांपुढे नकोच होता. संध्याकाळी ती नेहमीपेक्षा लवकर निघाली. डॉक्टरांच्या पाटीचं माप घ्यायचंय म्हणाली. जाताना पट्टी घेऊन गेली, ते ठीक. पण रबर कशाला नेलं, हे पेंटरांच्या मनात आलं आणि त्यांनी ते मनातच राहू दिलं.

शनिवारी साडेसातला ते चर्चच्या दारात उभे होते. किल्लीवाल्या बाईंनी दार उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका निरागस भाव होता, की पेंटरांना दाराबाहेरच संशय आला.

भिंतीवर दहा अक्षरं उभी होती. पेन्सिलीची बारीक बाह्यरेषा, दोन हातांवरूनही दिसू नये इतकी फिकी. कालचा करडा डाग कुणीतरी चुन्याने पुसून बेमालूम केला होता.

पहिल्यांदा त्यांना राग आला. तो तळव्यांपासून चढत कानापर्यंत आला, आणि त्यांनी फडकं उचललंही. आपल्याला काय पोर समजते ही, रेघांच्या आत रंग भरायला? फडकं भिंतीला टेकणार, तेवढ्यात त्यांची नजर चौकट आणि चाक यांच्यामधल्या फटीवर गेली आणि तिथे अडकली. गोल अक्षर मोजून अंतरावर ठेवलं तर लांब पडल्यासारखं दिसतं, म्हणून ते शेजाऱ्याकडे केसभर सरकवायचं असतं. हे पट्टी सांगत नाही, डोळा सांगतो. चाक केसभर सरकलेलं होतं. दोन्ही चाकं. घोडीचे पाय अचूक पसरलेले. मोडकी खुर्ची, जिचा तोल सांभाळणं सगळ्यांत अवघड, ती अशी उभी होती की बसावंसं वाटावं. पेंटरांचा राग कारागिराच्या नजरेपुढे टिकला नाही. त्यांनी स्वतः काढलं असतं तर असंच काढलं असतं. नाही, त्यांनी कबूल केलं, दुसरं चाक इतकं चांगलं जमलं नसतं.

मग त्यांच्या लक्षात आलं, की शब्दात उभ्या रेघा नऊ होत्या आणि एकीलाही शेपूट नव्हतं.

सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. फडकं हातात घेऊनच ते बाकावर बसले. मागे चपलांचा आवाज झाला. धाकटी टर्पेंटाइनची बाटली घेऊन आली होती. तुम्ही विसरलात म्हणाली. बाटली त्यांच्या पेटीतच होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"वाळली का भिंत?"

"वाळली," पेंटर म्हणाले. "काल संध्याकाळी कुणीतरी बसून वारा घातलेला दिसतोय." त्यांनी फडक्याने भिंतीकडे खूण केली. "शेपटं विसरलीस."

"विसरले नाही. ती तुमची. तुम्ही घालाल म्हणून सोडली." ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि बाटलीचं बूच उगाच फिरवू लागली. "खरं सांगू का, बाबा? रागावू नका. मला ते शेपूट कधीच आवडलं नाही. सरळ रेघेला उगाच खोड काढल्यासारखं वाटतं. पण तुमच्या हातची खूण, मी टाकून दिली तर तुम्हाला लागेल, म्हणून गिरवत आले."

"माझ्या हातची?" पेंटर म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं: घोडी, प्लास्टर, ठणका, न्हावी, दार लोटून घालवलेल्या दुपारी, रद्दीचे कागद. सांगताना त्यांनी अंगठा पुढे धरला होता, जणू साक्षीदार हजर केला आहे.

धाकटीचे आधी खांदे हलू लागले, मग बाक हलू लागला. "म्हणजे सव्वीस वर्षं आपण दोघं मिळून एका मोडक्या अंगठ्याची नक्कल करतोय? आणि गावभर पाट्या लावून?"

"न्हाव्याला सांगू नकोस," पेंटर म्हणाले. "त्याने शेपटासाठी जास्तीची भिंत मोकळी केली होती." आणि तेही हसले. दारात किल्ल्या वाजल्या. बाई काय झालं म्हणून बघायला आल्या आणि दोघांना डोळे पुसताना पाहून, काहीतरी चुकीचं समजून, आदराने परत गेल्या.

पेंटरांनी पेटी उघडली. सहा नंबरचा लांब केसांचा कुंचला काढला, हात टेकवायची काठी भिंतीला तिरपी लावली, मनगट काठीवर ठेवलं आणि गलोलीच्या रेघेवर रंग टेकवला. हात थरथरत होताच. पण मोकळ्या भिंतीवर वाट शोधणाऱ्या पेन्सिलीची थरथर वेगळी आणि आखलेल्या वाटेने चालणाऱ्या कुंचल्याची वेगळी. लांब केस अर्धी थरथर पिऊन टाकतात, उरलेली काठी घेते. गलोल भरली. चौकट भरली. धाकटी घोडी धरून उभी होती आणि तोंडाने मध्येमध्ये फक्त अक्षरांची नावं घेत होती, पाळी आली तशी. सगळ्या रेघा पेंटरांनी सरळ ठेवल्या. दुसऱ्या डोंगराच्या शेवटच्या उतारावर मात्र थकलेला हात काठीवरून सुटला आणि रेघेच्या टोकाला डावीकडे झटका बसला. उंदराच्या शेपटीएवढा.

त्यांनी घाईने फडकं उचललं. तिने त्यांचं मनगट धरलं.

"हे राहू द्या," ती म्हणाली. "हे कुणाचं गिरवलेलं नाही."

दुपारी पाळक आले आणि बराच वेळ भिंतीसमोर उभे राहिले. फार सुंदर झालंय म्हणाले. मग जवळ जाऊन, चष्मा वर सरकवून, दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याशी वाकले. "एवढं एक मूळ ग्रीकमध्ये नाही," ते जरा संकोचाने म्हणाले.

"मूळ पेंटरमध्ये आहे," किल्लीवाल्या बाई दारातून म्हणाल्या, आणि पाळकांनी तो मुद्दा सोडून दिला.

सोमवारी सकाळी साडेसहाला पेंटर उठले. उशीशेजारची पेन्सिल त्यांनी उचलली आणि काही वेळ हातात धरून बसले. मग आधी चष्मा लावला. पुढच्या खोलीत येऊन खिडकी उघडली. धाकटीच्या टेबलावर पट्ट्या, रबरं आणि खडू ठेवायचा पत्र्याचा डबा होता, त्यात ती पेन्सिल टोक वर करून उभी केली. मग चौदा कुंचले पुसून बाकावर ओळीने मांडले.

आठाला धाकटी आली. तिने डबा पाहिला, वडिलांचा मोकळा कान पाहिला आणि चहा ठेवायला आत गेली. कप नेहमीसारखा अर्धा भरून त्यांच्यापुढे ठेवला. मग टेबलाशी बसून, डब्यातली पेन्सिल काढून, तिने डॉक्टरांच्या नव्या पाटीवर पहिली रेघ आखायला घेतली. पेंटर दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत, ती रेघ पुरी होण्याची वाट पाहत बसले.